इंटरप्टमध्ये झोपायचं नाही

काका : काय? मशीनमध्ये? लग्नाचं तू मशीनमध्ये घातलंस?

लंबू : काका, हळू! बाहेर ऐकू जाईल.

काका : कसलं ऐकू जातंय! लॅबमधल्या या मशीनच्या पंख्यांच्या आवाजात मला तू ऐकू येतोयस हेच नशीब. नीट सांग. काय घातलंस, कुठे घातलंस?

लंबू : डीबग हँडलरमध्ये. मशीन अडकलं की आपण ती तीन बटणं एकदम दाबतो ना?

काका : दाबतो. आणि मशीन शेवटचा श्वास सोडता सोडता सांगतं, बाबांनो, मला इथे इथे दुखतंय. केस पांढरे झाले माझे ते बघून. पुढे बोल.

लंबू : ते सांगणारा जो कोड असतो तो हँडलर. या वेळचा मी लिहिलाय. तो सुरुवातीला एक ओळ छापतो, मथळ्यासारखी. त्या मथळ्याच्या जागी मी... विचारलंय.

काका : आणि बटणं दाबणार कोण? मास्तरीण!

लंबू : तीच. स्वतः बटणं दाबून बघितल्याशिवाय ती कुठलाच कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा मूळ कोड, पुढे सोडत नाही. आज तिचा इथला शेवटचा दिवस, काका. संध्याकाळच्या गाडीनं चालली. दोन वर्षं दुसऱ्या गावी नवी नोकरी. आज राहिलं की राहिलंच.

काका : अरे मग तोंडानं विचार की, गाढवा!

लंबू : गेलो होतो. कॅन्टीनमध्ये म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचंय. ती म्हणाली, बोल. मी म्हटलं, तो परवाचा कोडचा पॅच फार सुंदर होता.

काका : अरेरेरे.

लंबू : ती म्हणाली, तो तुझाच होता.

काका : देवा! स्वतःचीच आरती! पण काय रे, ती तर तुझी ओळ न् ओळ लाल पेन घेऊन वाचते. तिला दिसलं कसं नाही?

लंबू : म्हणून तर तो मजकूर कोडमध्ये ठेवलाच नाही. डिस्कवर वेगळी फाइल केली, फक्त या एका मशीनवर. बटणं दाबली की हँडलर जातो, फाइल वाचतो आणि ओळ छापतो. सकाळी करून बघितलं. झकास चाललं!

मास्तरीण : काय झकास चाललं?

लंबू : अं? काही नाही. पंखे. पंखे झकास चाललेत.

मास्तरीण : काका, ओळखपत्र जमा करून आले. आता कुलूप लावायच्या आत हे एवढं मशीन बघून घेते, म्हणजे मी सुटले. ही माझी बॅग दारात कुणी ठेवली?

लंबू : मी. म्हटलं, जड आहे, गाडीपर्यंत आणून देतो...

मास्तरीण : काही नको. माझं ओझं मी उचलते. ठेव तिथेच. हं, मशीनवर भार टाक. सगळा.

लंबू : सगळा? कशाला? आधी रिकामं असतानाच दाबून बघ ना. छान दिसतं.

मास्तरीण : छान दिसतं म्हणजे? मशीन काय रिकामं बसून अडकतं का? कामाच्या रगाड्यात अडकतं. टाक भार. आठही प्रोसेसर घामाघूम झाले पाहिजेत. टाकलास? आता दाबते. एक, दोन, तीन.

काका : आलं का काही?

मास्तरीण : गेलं.

काका : काय गेलं?

मास्तरीण : मशीन. ठार. ज्यानं उठून सांगायचं कुठे दुखतंय, त्यानंच जीव घेतला. शाबास, लंबू!

लंबू : पण सकाळी चाललं होतं गं! आईशप्पथ चाललं होतं!

मास्तरीण : रिकाम्या मशीनवर ना? रिकाम्या घरात बाथरूमला कडी कोण लावतं?

काका : आता बाथरूम कुठून आलं मध्येच?

मास्तरीण : सांगते, काका. समजा, तुम्ही आंघोळीला गेलात. कडी लावलीत. तोंडाला साबण. तेवढ्यात ही तीन बटणं दाबली गेली. त्याला म्हणतात इंटरप्ट. त्यानं तुम्हाला असाल तसं उचललं आणि थेट हॉलमध्ये आणून उभं केलं.

काका : असाल तसं म्हणजे?

मास्तरीण : साबणासकट.

काका : अगं, लाज वाटते का बोलायला!

मास्तरीण : ऐका हो. हॉलमध्ये तुम्हाला सांगितलं, काका, जरा बाथरूममधला टॉवेल आणा. तुम्ही गेलात. बघता तर दाराला आतून कडी. तुम्ही दार वाजवताय, अहो, कोण आहे आत, आटपा लवकर!

काका : आणि आत कोण?

मास्तरीण : तुम्हीच!

काका : हात्तिच्या! मग उघडणार कोण?

मास्तरीण : कुणी नाही. कडी काढायला तुम्ही आत पाहिजेत, आणि तुम्ही बाहेर दार बडवताय. जन्मभर. याच्या हँडलरनं तेच केलंय. मशीनवर चालू कामांची यादी छापायला लॉक, म्हणजे ती कडी, मागतोय, आणि लॉक धरून बसलेल्याला यानंच अर्ध्यात थांबवलंय.

काका : लंबू, मला साबणासकट उभं केलंस रे तू.

लंबू : सॉरी, काका.

मास्तरीण : दुरुस्ती सोपी आहे. इंटरप्टमध्ये कुणाच्या दारात ताटकळत उभं राहायचं नाही. कडी एकदाच ढकलून बघायची. उघडली तर आत, नाही उघडली तर तसंच पुढे. यादी राहिली तरी चालेल, बाकीचं तरी छापून येईल. हो बाजूला, मीच लिहिते. खुर्ची केवढी उंच करून ठेवली आहेस, माझे पाय लोंबकळतायत! हं. झालं. मशीन चालू. भार. दाबते.

काका : आता?

मास्तरीण : पुन्हा ठार.

लंबू : अरे यार!

मास्तरीण : तू का रडतोस? गाडी माझी चुकणार आहे. दाखव सगळा कोड. हे काय आहे? हे? ही ओळ?

लंबू : कुठली?

मास्तरीण : लंबू. माझ्याकडे बघ. तू इंटरप्टमध्ये बसून डिस्कवरची फाइल वाचतोयस?

लंबू : एकच फाइल. छोटीशी.

मास्तरीण : छोटीशी! अरे, डिस्कला काही मागितलं की वाट बघावी लागते. वाट बघायची म्हणजे झोपायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. इंटरप्टमध्ये तू दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेला असतोस. त्याला उठवून बसलास आणि तिथेच घोरायला लागलास, तर त्यानं जायचं कुठे? पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं मी तुला?

लंबू : इंटरप्टमध्ये झोपायचं नाही.

मास्तरीण : मोठ्यानं!

लंबू : इंटरप्टमध्ये झोपायचं नाही!

काका : पण सकाळी कसं चाललं गं याचं?

मास्तरीण : सकाळी फाइल नुकतीच लिहिलेली, मेमरीत ताजी पडलेली. हाताशीच होती, मिळाली. भार टाकल्यावर ती मेमरीतून बाहेर फेकली गेली, आणि साहेब निघाले डिस्कवर शोधायला. पण मला सांग, एका मथळ्यासाठी फाइल कशाला? मथळा कोडमध्ये लिहायचा सोडून?

लंबू : म्हणजे... बदलता यावा म्हणून.

मास्तरीण : मथळा कोण बदलतं? आहे तरी काय त्यात? उघड.

लंबू : नको!

मास्तरीण : नको काय नको? मेमरीत किती जागा धरायची ते बघायला नको? सरक, मीच उघडते. फाइलचं नाव काय... अरे! स्क्रीन का गेली? काका! तुम्ही वायर का काढलीत?

काका : धूळ होती गं.

मास्तरीण : धूळ?

काका : फार धूळ. बघ ना, किती ही धूळ.

मास्तरीण : तुम्ही दोघं मला काहीतरी शेंडी लावताय. लंबू, कान का लाल झालेत तुझे?

लंबू : गरम होतंय. पंखे... जागा मी सांगतो ना! एक ओळ आहे. फार तर दीड. मला पाठ आहे. किती वेळा खोडून लिहिली असेल, अक्षर न् अक्षर पाठ आहे.

मास्तरीण : मथळा? खोडून खोडून?

काका : अगं, मनापासून काम करतो पोरगा. तू दुरुस्ती सांग, गाडी थांबणार नाही तुझी.

मास्तरीण : सांगते. लावा ती वायर. नीट ऐक, लंबू, पुन्हा सांगायला मी इथे नसेन. जे बोलायचंय ते आधीच मेमरीत आणून ठेवायचं. मशीन सुरू होतानाच, सगळं निवांत असताना. ऐन वेळी शब्द शोधायला जायचं नाही. ऐन वेळी फक्त बोलायचं आणि बाजूला व्हायचं. कळलं?

लंबू : कळलं. फार उशिरा कळलं.

मास्तरीण : उशीर कसला, दोन ओळींचं काम आहे. लिही तू. मी बघते. हं... हं... हे बरोबर. अर्धविराम कुणाचा बाप देणार? हं. चालू कर. टाक भार.

लंबू : मास्तरीण, एक मिनिट. मी जरा बाहेर जाऊन येतो.

मास्तरीण : स्वतःचा कोड चालताना बाहेर? गप उभा राहा इथे.

काका : माझा चष्मा कुठे गेला? अरे, आत्ता तर होता! माझा चष्मा!

मास्तरीण : डोक्यावर आहे, काका. दाबते हं. एक. दोन. तीन.

(स्क्रीनवर एकच ओळ आठ वेळा उमटते.)

काका : चाललं! चाललं रे! वाचू का? मोठ्यानं वाचू? ‘तू जा. मी अडवणार नाही. पण माझ्याशी लग्न करशील?’ खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. पुन्हा...

लंबू : काका, बास!

काका : बास काय? आठ आहेत! एवढी वर्षं या लॅबमध्ये आहे, पण एवढं गोड मशीन मेलेलं नाही बघितलं! अगं, बोल ना काहीतरी. लंबू, ही पण अडकली का रे?

लंबू : मास्तरीण?

मास्तरीण : आठ वेळा?

लंबू : आठ प्रोसेसर आहेत ना. प्रत्येक जण आपापली माहिती देतो, तर मथळाही प्रत्येकानं... सकाळी पहिली ओळ दिसताच मी घाईनं स्क्रीन बंद केली, ते माझ्या लक्षातच नाही आलं.

मास्तरीण : म्हणजे तासभर मी ज्याला शिव्या घालत होते, ते हे होतं?

लंबू : हो.

मास्तरीण : ‘अर्धविराम कुणाचा बाप देणार’ हे मी यात म्हटलं?

लंबू : हो.

मास्तरीण : माझ्या मागणीतल्या चुका मीच काढल्या?

काका : आणि दुरुस्तही तूच केलीस, बाई! तुझ्याशिवाय ती छापूनच आली नसती!

मास्तरीण : काका, हसू नका. मला रडू येईल आता. खरंच येईल. कीबोर्ड द्या इकडे.

लंबू : काय करतेस?

मास्तरीण : मागे हो. तुझी फाइल बदलतेय. बघायचं नाही! काका, याचे डोळे झाका.

काका : हा एवढा उंच, माझा हात पोचतो का तिथे! खाली बस रे, ताडमाडा.

मास्तरीण : झालं. मशीन पुन्हा सुरू केलंय. फाइल आता सुरू होतानाच वाचली जाते, त्यामुळे थांबावं लागेल.

लंबू : किती वेळ? मला नाही थांबवत गं. तोंडानंच सांग ना.

मास्तरीण : थांब. तू काही इंटरप्टमध्ये नाहीस. इथे वाट बघितलेली चालते.

लंबू : अजून नाही का?

मास्तरीण : झालं बघ सुरू. आता तू दाब.

लंबू : मी? भार टाकू आधी?

मास्तरीण : काही नको. आज रिकाम्यावरच चालेल.

लंबू : एक... दोन... काका, तुम्ही वाचा. माझ्यानं बघवत नाही. तीन!

काका : ‘हो.’ अरे, ‘हो’ आहे रे! ‘हो’! ‘हो’! खालपर्यंत ‘हो’च ‘हो’! लंबू, डोळे उघड, मूर्खा!

लंबू : आठ वेळा?

मास्तरीण : तू आठ वेळा विचारलंस. एकाला सांगून बाकीच्यांना काय ताटकळत ठेवू?

लंबू : पण तू तर चाललीस.

मास्तरीण : चाललेच आहे. तूच लिहिलंयस ना, अडवणार नाही म्हणून?

लंबू : नाहीच अडवणार. दोन वर्षं ना? बघेन वाट. तू यायच्या आत पत्ता हाती घेऊन मीच तिकडे आलो तर?

मास्तरीण : ये ना. पण येताना हा हँडलर एकाच प्रोसेसरवर बोलेल असा करून ये. लोक काय म्हणतील?

काका : अगं ए, गाडी! घड्याळ बघ!

मास्तरीण : अगं बाई, गाडी! लंबू!

लंबू : काय?

मास्तरीण : ती बॅग फार जड आहे रे. एक बंद तू धर, एक मी धरते.