काचवालीच्या खिडकीतली फळी

(काचेच्या दुकानाची मागची खोली. सकाळचे दहा. रस्त्याकडच्या खिडकीला काचेऐवजी प्लायवुडची फळी ठोकलेली.)

सून : मग बोलवायचं की नाही त्यांना, एवढंच सांगा ना बाबा. दोन महिने झाले पोरीला बघून.

सासरे : मी गणिताचा मास्तर, ज्योतिषी नव्हे. आकडे सांगतो. पहिल्या आठवड्यात भोंगा एकतीस वेळा वाजला. मग घटत घटत या आठवड्यात एकदाच.

सून : म्हणजे त्यांची क्षेपणास्त्रं संपत आली.

सासरे : किंवा साठवताहेत. वहीत दोन्ही सारखंच दिसतं, तिथेच माझं घोडं अडतं.

सून : बातम्यांत तर म्हणतात, नव्वद टक्के नष्ट केली.

सासरे : मागच्या महिन्यातही नव्वदच म्हणाले होते. आणि समोरचे म्हणतात, एकालाही धक्का नाही. दोघांच्या बढाया मी सोडून देतो. गैरसोयीचं असूनही कुणी काही कबूल केलं, तर तेवढंच उतरवून घेतो.

सून : किती जमलंय तसं?

सासरे : पाऊण पान.

सून : आणि वही दोनशे पानी आणलीत.

सासरे : हस तू. पोरीला आणि तिच्या बापाला थोरल्याकडे डोंगरात पाठवायला मीच लावलं. आता बोलावलं आणि दुसऱ्याच दिवशी काही पडलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?

सून : तुमच्यावर कोण ढकलतंय? मला फक्त तिची फार आठवण येते. काल फोनवर म्हणाली, आई, माझा पुढचा दात पडला. पहिलाच दात, आणि मी तिथे नव्हते.

सासरे : मलाही करमत नाही गं. पाढे विचारायला घरात कुणी नाही.

सून : मग अडलंय कशावर?

सासरे : एका खुणेवर. समोरच्या घरातले अग्निशमन दलाचे साहेब. त्यांना आतलं कळत असणार. त्यांनी बायकोमुलांना परत आणलं की मी हो म्हणणार. अजून आणलेलं नाही. हे बघ, लाल शाईने लिहिलंय.

सून : काल आले होते ते दुकानात. सात तावदानांची मापं दिली, पण म्हणाले, इतक्यात बसवू नका.

सासरे : बघ, म्हणजे काहीतरी ठाऊक आहे त्यांना.

सून : मीही तेच विचारलं. तर म्हणाले, आम्हाला कोण सांगतंय? आम्हीही तुमच्यासारखे बातम्याच बघतो.

सासरे : मग थांबलेत कशासाठी?

सून : आपल्या खिडकीसाठी. म्हणाले, काचवाली बाईच स्वतःची फळी काढत नाही, म्हणजे घरातल्या मास्तरांचा हिशोब काही बरा नसणार. सगळी गल्ली म्हणे तेच बघून थांबलीय.

सासरे : आणि मी त्यांच्याकडे बघत बसलोय.

सून : आणि मी तुमच्याकडे.

सासरे : चाळीस वर्षं पोरांना ओरडलो, शेजाऱ्याच्या वहीत बघून उत्तर लिहू नका म्हणून.

सून : आता त्या साहेबांना वगळा. वही काय म्हणते?

सासरे : वगळून... भोंगे घटलेत. बंदर उघडल्याचं दोन्ही बाजू मान्य करतात. आणि भांडण आता बोलणी कुठे बसून करायची, यावर आलंय. दहात सात म्हणेन. दहात दहा मला कधीच म्हणता येणार नाही.

सून : सात पुरतात मला. खाली तळघर आहेच.

सासरे : आणि काच फुटली तर?

सून : तर दुसरी बसवीन. दुकान कसलं आहे आपलं? तुम्ही फोन लावा, मी फळीचे खिळे काढते.

सासरे : थांब, लागला. हं, मी बोलतोय. उद्या सकाळी निघा. नाही रे, खात्री नाही, अंदाज आहे. पण माझा स्वतःचा आहे. आवाज ना? तुझी बायको फळी उचकटतेय. बरं, पोरीला दे. काय गं चिमणे, दात कुठे ठेवलास? जपून आण हं. तुझ्या आईला बघायचाय.