भिंतीपलीकडचा अक्रोड

—नाही, भिंग लावून बघा की, मी कुठं नको म्हणते? फक्त आधी सांगा, तक्रार कुणी केली. सांगायचं नसतं? राहू दे, मला ठाऊक आहे. पलीकडची, माझी धाकटी जाऊ. माझ्या झाडाचा चिकटा तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतो ना — म्हणून शेतीखात्याचा माणूस बोलावला, झाड तोडायला.

पान उलटं करा — ते पिवळट ठिपके सगळे जिवंत आहेत. मावा. तुम्हीच म्हणालात ना आत्ता, हा अक्रोडावरच जगतो, गुलाबाला, लिंबाला तोंडसुद्धा लावत नाही? मग या गल्लीत अक्रोड किती? दोन. एक माझा, एक तिचा. दोघा भावांनी एकाच दिवशी लावलेले. मग माझ्याकडे आला कुठून? — पंख फुटतात? वाऱ्यावर येतो? बरं, येत असेल. पण ह्यांना जाऊन वर्ष होत नाही तोवर नेमका माझ्याच झाडावर यावा, आणि तिचं हिरवंगार? मी काय दुधखुळी आहे?

काय? तिच्याही झाडावर आहे? — असेल, भिंतीकडच्या फांदीवर असेल. मला कसं ठाऊक म्हणजे — अहो, अंदाज. सुतळी? कसली सुतळी? छाटताना एखादी डहाळी गेली असेल पलीकडे, त्याला मी काय — गाठ आपोआप कशी बसेल म्हणता... बांधली. माव्याची डहाळी तिच्या फांदीला मीच बांधली, स्टुलावर चढून, या असल्या गुडघ्यांनी. लिहून घ्या. माझं तोडणार तर तिचंही तुटू दे, एवढंच होतं मनात. तिचा नवरा अजून रोज संध्याकाळी त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतो, ती त्याला चहा नेऊन देते — आणि मी इथून बघायचं. किती दिवस बघायचं?

हा कागद कसला? तिचा अर्ज? तुम्हीच वाचा, माझा चष्मा आत आहे.

...परत वाचा. ‘थोरल्या जाऊबाईंच्या झाडाला कीड लागली आहे. भाऊजींच्या हातचं झाड आहे, कसंही करून वाचवा. मी कळवलं हे त्यांना सांगू नका, त्यांना आवडणार नाही.’ — तोडायचं कुठंच नाही? नीट बघा, मागच्या बाजूला बघा.

नाही?

औषध आणलंय ना? मग आधी तिच्या झाडावर मारा. माझं उद्या बघू. आणि ती डहाळी — ती राहू दे, मी काढते. जा तुम्ही आता. फाटक लोटून घ्या.