मोफत तपासणी शिल्लक

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय मारोतराव बोढे काका, मुख्याध्यापिका लीलाताई देरकर मॅडम, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते पूनमसिंग आडे सर, त्यांचे सहकारी, विद्यार्थी, आमच्या तांड्यावरून आलेली घरची माणसं, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे,

आज तीस जून. सर्वांत आधी माफी मागते. फेब्रुवारीपासून आमच्या घराने कोणाचा फोन उचलला नाही. तुमच्यापैकी कित्येक जण फाटकापर्यंत येऊन परत गेले. मी आत होते. भांडणही नव्हतं आणि राग तर नव्हताच. बोलायची सवय मोडली होती, एवढंच सांगू शकते.

सत्काराला उत्तर सत्कारमूर्तींनी द्यायचं असतं. बायकोने द्यायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांचं गणित मुकुटबनच्या बसथांब्यावर उभ्या माणसालाही ऐकू यायचं, ते सर आज बोलू शकत नाहीत. मार्चमध्ये नागपूरला त्यांचा उजव्या बाजूचा जबडा काढावा लागला. तोंडावरचा दुपट्टा त्याचसाठी आहे. काल मी त्यांना विचारलं, मी काय बोलू? त्यांनी पाटीवर लिहिलं, "विम्याचं सांग. तारीफ मारोतराव करतीनच." काका, तुमच्यावर त्यांचा एवढा विश्वास आहे, आणि आत्ताच तुम्ही तो खराही केलात.

निरोपाच्या मंडपात दातांच्या विम्याबद्दल बोलणं शोभतं का? रात्रभर मी हे स्वतःला विचारलं. शेवटी त्यांचंच ऐकायचं ठरवलं.

पाच वर्षांपूर्वी एक एजंट तुमच्या स्टाफरूममध्ये आला. सगळ्या कुटुंबाच्या दातांचा विमा, वर्षाला एक हप्ता. त्या संध्याकाळी सर घरी येऊन हसत हसत सांगत होते, म्हणून मला शब्द आठवतात. एजंटने अर्जातला प्रश्न वाचला, तंबाखू खाता का? कोणीतरी म्हणालं, "तंबाखू कायले खाऊ बाप्पा? आपण तं खर्रा खातो!" प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र घोटून केलेल्या खर्ऱ्याला आपल्याकडे तंबाखू म्हणतच नाहीत ना. दुसरे म्हणाले, "'हो' लिवलं तं हप्ता डबल मागते." शेवटी सरच म्हणाले, "मी गणितवाला आहो, मी सांगतो. सगळे 'नाही' लिवा. सगळ्या पोरांचं उत्तर सारखं आलं तं मास्तरबी तपासत नाही."

खूप हसला होतात म्हणे तुम्ही. मीही हसले होते.

विम्याने आमच्या घराचं वाईट केलं, असं मी म्हणणार नाही. दरवर्षी पहिल्या कापसाचे पैसे आले की आम्ही हप्ता बाजूला ठेवायचो, मग कपडेलत्ते. माझी दाढ वाचली. आमच्या मुलाच्या, ओमच्या पुढच्या दातांना तारा लागल्या. आमच्या सासूबाई भुरीबाई, त्यांना आम्ही याडी म्हणतो, त्या समोर बसल्यात. त्यांना कवळी मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मावलं, "आता भुट्टा मले आख्खा द्या, दाणे काढून देऊ नोका." विम्यात दरवर्षी प्रत्येकाची एक मोफत तपासणी होती. आम्ही सगळ्यांनी ती केली. सरांनी एकदाही केली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते म्हणायला लागले, "जया, भाजी तिखट होऊन राह्यली." मी तिखट कमी केलं. मग आणखी कमी केलं. मग ते भाकर वरणात कुस्करून खायला लागले, कारण तोंड पुरतं उघडत नव्हतं. मी म्हटलं, फुकट तपासणी आहे, दाखवून या. ते म्हणाले, "येडी हायेस का? डॉक्टर तोंड पाह्यन, कॉम्प्युटरमदी लिहीन, अन् कंपनी म्हणन यानं खोटं लिवलं. मंग पोराच्या तारा अर्ध्यावर राह्यतीन. याडीची कवळी तुटली तं कोण देईन?"

मला ते पटलं.

दातांचा विमा टिकावा म्हणून माझा नवरा दातांच्या डॉक्टरपासून लपत होता, आणि मी बी.ए. झालेली बाई त्याला हिशेबी माणूस समजत होते. विम्याबाहेरच्या डॉक्टरकडे पैसे देऊन जाता आलं असतं. हे मला आता सुचतं. तेव्हा आम्हा दोघांनाही सुचलं नाही. विमा भरलेला असताना खिशातून पैसे देणं आम्हाला उधळपट्टी वाटायची.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, माझ्या फोनवर कंपनीचा निरोप आला. 'श्री. पूनमसिंग आडे, आपली या वर्षीची मोफत तपासणी शिल्लक आहे. लवकर लाभ घ्या.' मी तो दोनदा वाचला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी खाली जाऊन सासूबाईंसाठी चहा घेऊन आले. तेव्हापासून बहुतेक तसंच चाललं आहे. स्वयंपाक होतो, औषधं दिली जातात, दिवस जातो.

हे सांगून आता काय उपयोग, असं कोणी विचारील. मीही विचारलं असतं. पण गेल्या आठवड्यात तुमच्यातलेच एक सर आमच्या आंगणात आले. बऱ्याच महिन्यांनी मी दार उघडलं. सरांची चौकशी झाली, चहा झाला, आणि निघताना हळूच म्हणाले, "वहिनी, मलेबी तिखट लागून राह्यलं. तोंडात दोनच बोटं जाते. पण बायकोच्या दोन दाढा यंदा विम्यात करून घेतो. दिवाळी झाली का दाखवतो."

त्यांचं नाव मी घेणार नाही. कृपा करून आजूबाजूला पाहू नका, माझ्याकडेच पाहा. पुढच्या महिन्यात विम्याचे कागद पुन्हा येतील. त्या प्रश्नापुढे 'हो' लिहा. हप्ता वाढेल का, विमा नाकारतील का, मला माहीत नाही. तुमच्या घरचा खर्च मी चालवत नाही, म्हणून जास्त बोलायचा हक्कही नाही.

शाळेने शाल दिली, श्रीफळ दिलं, इतका मोठा मंडप घातला. मुलींनी सरांसाठी वेगळी पातळ खीर केली, हे मी स्वयंपाकाजवळून येताना पाहिलं. आमच्या दोघांच्या वतीने सगळ्यांचे आभार. मला भाषणाचा सराव नाही. आनंदाच्या ठिकाणी मी घरातलं दुखणं मांडलं, कोणाची झाकलेली गोष्ट उघडी केली असेल, कोणाचा मान राहिला नसेल, तर मला लहान समजून पदरात घ्या.

आणि आंगणात आलेल्या त्या सरांना एकच सांगते. उद्या आम्ही यवतमाळला डॉक्टरकडे जातो आहोत. तो विम्याच्या यादीतला नाही, तो कुठे काही कळवत नाही. मागच्या सीटवर तुमच्या दोघांपुरती जागा आहे. सकाळी साडेसहाला गाडी तुमच्या दारापुढे थांबवायची, एवढं एकच काम मी उद्यासाठी लिहून ठेवलं आहे.