छगनभाईंचे 'काले'

तुम्ही नवे कारागीर कामातल्या घोटाळ्याचा सगळा दोष भाषेला देत आहात, म्हणून माझी चूक सांगतो. सुरतेतल्या उधन्याच्या एका कापड कारखान्यात वाळवणीच्या खोलीत चिनी मातीच्या लाद्या बसवायचे काम माझ्याकडे होते. सिमेंटच्या कोब्याखालून वाफेचे नळ गेले होते. असा कोबा आधी तापवून निवू द्यावा लागतो. त्याला जे तडे जायचे ते तेव्हाच जातात, ते बुजवले की मगच लाद्या टिकतात. इकडे मला दोन दिवसांनी कानबाई देवीच्या पूजेसाठी खानदेशात घरी पोहोचायचे होते.

बॉयलर सांभाळणाऱ्या छगनभाईंना मी विचारले, "कोबा तापवून झाला का?"

ते घाईत होते. "काले, मिस्त्री, काले!"

मी 'काल' असे ऐकले आणि संध्याकाळपर्यंत लाद्या बसवून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी छगनभाईंनी ठरल्याप्रमाणे वाफ सोडली. थोड्याच वेळात ते धावत आले. "मिस्त्री, तुमच्या लाद्या नाचायला लागल्या!"

अर्धी खोली उखडली होती. मी म्हणालो, "तापवणे काल झाले, असे तुम्हीच सांगितलेत."

"अरे भाई, आमचे गुजराती 'काले' गेलेल्या दिवसालाही चालते आणि येणाऱ्यालाही. दहा वर्षे सुरतेत राहून एवढे ठाऊक नाही?"

ठाऊक होते. गेलेला दिवस माझ्या सोयीचा होता, म्हणून पुन्हा विचारले नाही.

त्या वर्षी कानबाईची पूजा माझ्याविना झाली. घरी पत्रात 'भाषेचा घोटाळा झाला' असे लिहिले. पत्राच्या माथ्यावर देवीचे नाव होते, तिच्याखाली खोटे कसे लिहायचे, म्हणून ते वाक्य खोडले.