नव्या शब्दाला जुनं नाव

—नाही नाही बेन, तिकडे नका टेकू! त्या साडीचा गम अजून ओला आहे, तुमच्या पाठीला टिकल्या चिकटतील आणि कॉलेजातली पोरं म्हणतील, मॅडम आज कोणाच्या लग्नाला निघाल्या. इकडे बसा, खाटेवर. आणि तुम्हाला मराठी कसं काय समजतं हो?—बडोद्याला शिकलात होय, मग बरोबर आहे, तिकडे आपली माणसं पुष्कळ. तर मी काय सांगत होते—चंचल घरी नाही. माझी सून तशी एक दिवस घरी बसणारी नाही, पण काय करता, कामरेजला गेलीय, मावशीकडे. मावशीला ताप आहे. म्हणजे हिलापण आहे थोडा. दोघींना आहे. कधी येईल काय सांगता येत नाही, तापाचं काय खरं असतं? तुम्ही एवढ्या लांब पांडेसऱ्यात आलात, उन्हाच्या, गल्ली विचारत विचारत, आणि मी तुम्हाला कोरडं पाठवू? चहा घ्यावाच लागेल. दूध आहे, साखर आहे, आलं—चंचल, ए चंचल, आलं कुठे ठेवलंस ग?

...व माय!

आणि हीपण येडी! वरून उत्तर देते, डब्यामागे आहे म्हणून! हसा बेन, हसा, मलाच हसू येतंय. खोटं बोलायला आधी पाठ करावं लागतं, मी काल रात्रीपासून 'कामरेज, मावशी, ताप' घोकतेय आणि एका आल्याच्या तुकड्याने घात केला. हो, घरात आहे. त्या माळ्यावर बसलीय, शिडी वर ओढून. नका हाक मारू, ती नाही येणार खाली. कुंदन, माझा मुलगा, तिचा नवरा, तो सांगून थकला. रंगाच्या मिलमधून दमून येतो बिचारा आणि शिडीखाली उभा राहून बायकोची समजूत काढतो. गेल्या मंगळवारपासून हेच चाललंय. आणि तुम्ही म्हणता आज तीन वाजता तिने तो धडा सगळ्या वर्गाला समजावून सांगायचा, नाही आली तर टर्म गेली, म्हणजे वर्ष गेलं—होय ना?—हं. मला वाटलं तुम्ही नाव कापायला आलात. तुम्ही न्यायला आलात होय.

मग तुम्हाला सगळं सांगते. पण तिकडे दाराबाहेर आवाज जाऊ द्यायचा नाही, तिथे शेजारची पार्वती बसलीय साडीचे धागे कापत, आणि तिच्या कात्रीपेक्षा तिचे कान जास्त चालतात. तर ऐका. सुरतेत प्लेग आला त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन ही पोरगी या घरात आली, चोपड्याकडची, बी. ए. झालेली, सगळं शिक्षण मराठीतून. म्हणाली, आत्याबाई, मला एम. ए. करायचंय. म्हटलं कर की, तुझ्या बापाने इतकं शिकवलं ते मी काय अर्ध्यात सोडून देऊ? पण इथली पुस्तकं इंग्रजी! आणि इंग्रजी म्हणजे बाजारातलं नव्हे हो—थँक्यू, सॉरी, टाइम काय झाला, ते तर कुंदनलाही येतं. हे विद्वानांचं. एका ओळीत चार चार शब्द अडायचे. डिक्शनरी उघडावी तर तिथे एका शब्दाचा अर्थ सांगायला आणखी दोन अवघड शब्द बसलेले! ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. पुस्तकावर डोकं ठेवून रडायची पोरगी. आणि वेळ कुठे? शेठचं पार्सल आलं की आम्ही दोघी साड्यांना टिकल्या लावत बसतो, हात गमाने भरलेले, त्या हाताने पुस्तक धरणार कसं? पान पण टिकल्यांचं व्हायचं.

मग मला सुचलं. मी म्हटलं, हे बघ, मला सकाळचं दूध झाकलं की नाही ते आठवत नाही, पण लग्नात घेतलेला उखाणा आज पन्नाशीत जसाच्या तसा येतो. का येतो? नवऱ्याच्या नावाला बांधलेला म्हणून! तुमच्यात नाही का हे? आमच्यात बायको नवऱ्याचं नाव असं सुकं घेत नाही, दोन ओळी जुळवून त्यात गुंफून घ्यायचं. म्हटलं, तुझा प्रत्येक शब्द तसा बांध, बघू कुठे पळतो ते. पहिला शब्द कोणता होता—हां, हायपोथिसिस. ही मला अर्थ सांगणार, आणि मी टिकल्या लावता लावता जुळवणार. ऐका—'आधी बांधायचा अंदाज, मग घ्यायचा तपासून, कुंदनराव हायपोथिसिस मांडतात दारातल्या चपला बघून!' आणि खरंच आहे ते, बाहेरच्या चपला बघून तो सांगतो आत कोण आलंय, आणि मग आत येऊन बघतो बरोबर आलं का. दुसरा तर कुंदनला इतका झोंबला—'हो म्हणाले की नाही म्हणाले, उमगत नाही नीट, कुंदनरावांच्या अँबिग्युअस बोलण्याचा आला मला वीट!' दोन दिवस तो हो किंवा नाही एवढंच बोलत होता, मधलं काही नाही.

असे किती झाले म्हणून सांगू! रोज नवे. मग ही पोरगी पानंच्या पानं वाचायला लागली, डिक्शनरीला हात न लावता. वाचता वाचता मध्येच एकटी हसायची, मी ओळखायचे, आता अँबिग्युअस आला. तुम्हीच म्हणाला होतात ना वर्गात, ही मुलगी इंग्रजी पुस्तक समजून वाचते म्हणून? घरी येऊन सांगितलं तिने. त्या दिवशी मी शिरा केला होता.

तर मंगळवारी तुम्ही तिला उभं केलंत आणि विचारलंत, त्या शब्दाचा अर्थ सांग. लेटंट. एवढ्या पोरांसमोर ही घाबरली, अर्थ काही येईना—आणि आला तो अख्खा उखाणा आला, खणखणीत, मराठीत, नवऱ्याच्या नावासकट! वर्ग हसला. बस, एवढंच झालं. नवऱ्याचं नाव घेतलं, लोक हसले, पोरगी लाजली. एवढंच. चहा निवतोय, घ्या.

काय?—तुम्ही नाही हसलात? तुम्हाला आवडला? लिहून घ्यायचाय? अहो ते काय लिहून घेण्यासारखं आहे! बरं, बरं, सांगते, एवढं म्हणता तर—'लेटंट म्हणजे आत असतं, वरून दिसत नाही, धुडकूरावांचं नाव घेते, कोणी मला पुसत नाही.'

...

नाही, कुंदनच. कुंदनच म्हटलं मी. धुडकू म्हटलं?—तुम्ही लिहिलंत पण?

जाऊ द्या बेन. आता झाकून काय करू, आज माझं तोंडच माझं ऐकत नाही. धुडकू माझा नवरा. कुंदनचा बाप. चंचलचा सासरा. आधीची पोरं जगत नव्हती, याला तरी नजर लागू नये म्हणून माझ्या सासूने असलं वाकडं नाव ठेवलं, आणि या नावाने तो जगला, चांगला उंचापुरा वाढला, इथे सुरतेत येऊन लूमवर लागला, आणि मग छातीत कळ येऊन एका दुपारी गेला. झाली की बरीच वर्षं. आता तुम्हीच सांगा, वर्गात उभं राहून सुनेने सासऱ्याचं नाव घेतलं, आणि तेपण उखाण्यात, जसं काही नवराच! तुमच्या पोरांना काय कळणार, ती नुसती यमकाला हसली. पण पार्वतीची मयुरी त्याच वर्गात बसते ना! संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं—सरलाबाईच्या सुनेला लाजच नाही, शिकून डोकं फिरलं, सासऱ्याचं नाव घेते. पाण्याच्या नळावर बायका तिच्याकडे बघून पदर तोंडाला लावायला लागल्या.

आणि ही काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, चुकून गेलं तोंडातून. एवढंच. कुंदनलापण एवढंच. शिव्या खाल्ल्या, माळ्यावर जाऊन बसली, कॉलेज सोडायला निघाली, पण हा उखाणा कोणाचा ते नाही सांगितलं. कारण तो माझा होता.

हो, माझा! असं बघताय काय? विधवा बाई उखाणा घेते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आमच्यात हळदीकुंकवाला मी आणि गल्लीतल्या सुभद्राबाई, दोघी विधवा, मागच्या बाजूला बसतो, तिळगूळ वाटतो, कपबशा विसळतो. सगळ्यांना आग्रह होतो, 'नाव घ्या, नाव घ्या', मला कोण म्हणणार! आणि नाव घ्यायचं तरी कोणाचं, माणूस तर नाही. मी पण म्हणत होते, ठीक आहे, रीत आहे. पण हे शब्दांचं सुरू झालं आणि एके दिवशी चंचल म्हणाली, आत्याबाई, यांचं नाव घेऊन घेऊन कंटाळा आला, हा एक शब्द तुम्ही घ्या. सहज म्हणाली हो. आणि मी घेतला. इतक्या वर्षांनी त्या माणसाचं नाव तोंडातून निघालं. आणि मला हसूच आलं, कारण नाव काय तर धुडकू! मग रोज एक शब्द तिचा, एक माझा. कुंदन घरी नसताना, दार लोटून. ती मला सांगत होती त्या पुस्तकातलं—जत्रेला माणसं जमतात ती म्हणे देवासाठी, हा झाला वरचा उपयोग, पण आतून त्याने माणसं एकमेकांना धरून राहतात, तो आतला उपयोग म्हणजे लेटंट. मी म्हटलं कळलं. उखाणे शब्द पाठ करायला, हा आपला वरचा उपयोग. आणि आतला...

आतला हा. मला बरं वाटतं, बेन. नाव घेतलं की मला फार बरं वाटतं.

आणि माझी ही मजा झाकायला ती पोरगी वर उकाड्यात बसलीय! पत्र्याखाली! तिचं वर्ष जाणार, आणि मी इथे बसून कामरेज-मावशी-ताप करतेय. मला लाज वाटायला पाहिजे. किती वाजले? दोन?—ठेवा तो कप. मला एक सांगा, आज तिने जो धडा सांगायचा त्यात मोठा शब्द कोणता आहे?—लेजिटिमेट. लेजिटिमेट. म्हणजे काय?—लोकांनी मान्य केलेलं. ज्याला सगळे म्हणतात, हे बरोबर आहे. हं. थांबा जरा. 'मान्यता'ला काय जुळतं... सोपं आहे. दार पूर्ण उघडा बेन. उघडा, उघडा, लोटलेलं नको.

ए पार्वती! कात्री ठेव खाली. मयुरीला पण बोलव. सुभद्राबाई, तुम्ही पण ऐका, सगळ्या ऐका. त्या दिवशी कॉलेजात माझ्या सुनेच्या तोंडून जे गेलं ते तिचं नव्हतं, माझं होतं. मी रचलेलं, मी माझ्या नवऱ्याला घेतलेलं. तिने पाठ केलं, बस. आणि आज नवा घेते, उभ्याने घेते—'लेजिटिमेट म्हणजे ज्याला असते लोकांची मान्यता, धुडकूरावांचं नाव घेते, पार्वती, ऐकतेस ना आता?'

हसा. हसायचं तर हसून घ्या एकदाच.

...का ग पार्वती, आता का मान खाली? असू दे. असू दे व बाई, रडू नकोस, मी तुला रागावले नाही.

चंचल! शिडी टाक खाली. टाक म्हणते ना! उतर, सावकाश, पाय चुकेल. बघा बेन, कशी घामाने भिजलीय. तोंड धू, पुस्तक घे. माझ्या गळ्यात पडायला वेळ नाही आता, संध्याकाळी पड. वर्गात जो शब्द येईल तो सांग, उखाणा आला तर उखाणा सांग, मॅडमना आवडतो.

काय म्हणता सुभद्राबाई? मोठ्याने बोला, शेजारच्या लूमच्या आवाजात ऐकू येत नाही—तुम्हाला? तुम्हाला पण पाहिजे एक? तुमच्या लोटूरावांसाठी?

...हो. हो, का नाही! बसेल की, लोटूराव कशातपण बसतील, गोड नाव आहे. बसा इथे, माझ्याजवळ. चंचल, ऐकलंस ना, सुभद्राबाईंसाठी एक शब्द आणायचा, चांगला बघून, अर्थ विचारून. आणि बेन, तुम्ही अजून उभ्याच? न्या तिला, कोपऱ्यावर रिक्षा मिळेल. निघा, निघा आता, तीनच्या आत पोचायचंय.