चौकातली थांबायची रीत

एर्विन : नको, टोपी हातातच असू दे. मी उगाच आलो असेन, तर तसं सांगा.

बर्नाडिन : उगाच कसले, मास्तर? तुमच्या ग्रंथालयाची पुस्तकं तीन वर्षं उशिरा परत केलीयत मी. बसा.

आग्नेस : बसा हो! एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा कॅथलिक चर्चची पायरी चढलात. छप्पर काही कोसळलं नाही.

एर्विन : आग्नेस, हळू.

आग्नेस : बाई, नवऱ्याला विचारवत नाही, म्हणून मीच सांगते. ह्यांची पणजी, अपोलोनिया. इथल्या जुन्या नोंदी तुम्ही सांभाळता ना? आमच्या लुथरन चर्चची नोंदपुस्तकं ह्यांनी तीस वर्षं चाळली. पणजोबा सापडले, समुद्रापार पोमेरेनियातलं त्यांचं मूळ गाव सापडलं, तिन्ही मुलगे सापडले. ती कुठेच नाही.

एर्विन : रविवारी आम्ही सगळे हॅकबार्ट जमणार. तिच्या थडग्यासाठी नवा दगड केलाय, मूळ गावाची ओळ कोरी ठेवून. पुतण्या म्हणतो, तिला गावच नसेल, ती ओळ बुजवून टाका. वाटतं, त्याचंच बरोबर असेल.

बर्नाडिन : नाव अपोलोनिया आणि शोधलंत लुथरन पुस्तकांत? अहो, ती आमची संत. दाढ दुखली की आम्ही तिलाच साकडं घालतो.

एर्विन : परवा तेच वाचलं. पण इतकं सोपं असतं, तर तीस वर्षं कशी गेली?

आग्नेस : त्यासाठी ह्या चर्चच्या वाटेला वळावं लागलं असतं ना!

बर्नाडिन : (जाड पुस्तक उघडत) हे बघा. बाप्तिस्मे. १८६१, मार्गारेता. बाप विल्हेल्म हॅकबार्ट, लुथरन. आई अपोलोनिया, माहेरची थीलन, गाव नीडरहोल्झ, ट्रिअरजवळ. १८६४, गर्ट्रुड. १८६७, कातारिना.

एर्विन : मुली? आमच्या घरात मुलींचं कधी नावही निघालं नाही.

बर्नाडिन : मुलगे बापाच्या चर्चचे, मुली आईच्या. लग्नाआधीच ठरवून घेतलं होतं तिनं. पुढे भावंडांचं बिनसलं. गर्ट्रुड माझी आजी, मास्तर.

एर्विन : तुमची? आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?

बर्नाडिन : तुमच्यातलं कुणी विचारायलाच आलं नाही.

आग्नेस : काय बाई असेल! परक्या मुलखात, त्या हट्टी पोमेरेनियन माणसाला दिल्या शब्दाला बांधून ठेवलं. तीन-तीनदा!

एर्विन : आग्नेस... चौक.

आग्नेस : अगं बाई! खरंच की.

बर्नाडिन : कुठला चौक?

एर्विन : दोन्ही चर्चच्या वाटा फुटतात तो. रविवारी तिथं क्षणभर थांबायचं, ही आमच्या घरची रीत. पणजोबा म्हणे घोड्यांना दम द्यायला थांबत. वडील ट्रक थांबवायचे. मीही थांबतो. मोटारीला कसला दम, हे मला एवढी पुस्तकं वाचून सुचलं नाही.

बर्नाडिन : शेतापासून चौक किती लांब?

आग्नेस : अर्धा मैल. तोही उतारावर.

बर्नाडिन : मग घोडे कशाला दमतील? तिथं ती मुलींना घेऊन आमच्या चर्चकडे यायला उतरायची.

एर्विन : आणि तो थांबायचा. दर रविवारी, सगळ्या गावादेखत.

आग्नेस : अहो, रडताय?

एर्विन : नाही गं. जरा ताठ बसलोय, इतकंच. बाई, ते गाव कागदावर लिहून द्या. पाथरवटाकडे आजच जातो. आणि... रविवारी तुम्ही आलात तर... म्हणजे, आग्रह नाही.

बर्नाडिन : येईन की. मला न्यायला या.

एर्विन : घरी येऊ?

बर्नाडिन : नको. मी चौकातच उभी राहीन.