रोड म्हणजे रस्ता नव्हे

त्या सकाळी धुणं वाळत घालून झालं होतं, तव्यावर भाकरी होती आणि फोन वाजला. पण थांबते. आधी रीत.

प्रवासी मंडळाचे अध्यक्ष आणि माझ्या यजमानांचे शाळेतले जुने सहकारी शेषेरावजी, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आज आपण ज्यांना निरोप देतोय ते लातूर रोड स्टेशनवरचे चहावाले मल्लिनाथ आप्पा, त्यांच्या घरच्या सिद्धम्मा, आणि समोरच्या भावाबहिणींनो, नांदेडच्या प्रेमलाबाईचा नमस्कार घ्यावा. मला बोलायची सवय नाही. वाचायची आहे, तीही किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर लागलेली.

तर फोन. आमचे यजमान हणमंत गुरुजी भाचीच्या साखरपुड्याला रेल्वेनं लातूरला निघाले होते. म्हणाले, "मी रोडला हाय. गाडी गेली."

माझं माहेर माहूर. डोंगरावर कुठली रेल्वे? मला वाटलं, रोड म्हणजे रस्ता. मी म्हटलं, "रस्त्यात कशाला उभे? सावलीला बसा. माझी भाकरी करपतीय." फोन ठेवला. ते सावलीला बसले आणि बसल्या जागीच त्यांचा जीव गेला.

तुम्ही सगळे या स्टेशनला नुसतं रोड म्हणता, लातूर अजून पुढं आहे, हे मला तेराव्याच्या दिवशी नणंदेकडून कळलं. उज्ज्वलाताई हळूच म्हणाल्या, "वहिनी, लातूरची गाडी थेट लातूरला जाते. रोडला तो उतरतो, ज्याला उदगीरची गाडी धरायची असते. दादाची पहिली नोकरी उदगीरची. तिथं कोण हाय गं?"

सांगा, यावर बाईमाणसानं काय करावं? विचारावं, तर ज्याला विचारायचं तो नाही. मी वर्षभर कुणापाशी बोलले नाही. पण उदगीरची पाटी लावलेली एसटी दिसली, की मी तोंड फिरवायची. रडतानाही मनात असायचं, आपण नेमकं कुणासाठी रडून राहिलो?

गेल्या महिन्यात आप्पा शेषेरावजींच्या घरी या कार्यक्रमाचं बोलायला गेले. तिथं भिंतीवरच्या फोटोत त्यांनी गुरुजी ओळखले. तोवर बिचाऱ्यांना ना नाव माहीत, ना गाव. पत्ता घेऊन नवराबायको माझ्या दारात आले.

आप्पा म्हणाले, "लातूरच्या दवाखान्याला निघालेलं एक कुटुंब होतं, बाई. पाटीवर लातूर वाचलं अन् म्हातारीला घेऊन रोडलाच उतरलं. गुरुजींनी खाली येऊन सगळ्यांना पुन्हा गाडीत चढवलं, बोचकी वर दिली. तेवढ्यात गाडी हलली."

"आणि हे खालीच राहिले?"

"हाव."

विधवेला लोक गोड गोष्टी सांगतात. मी अशा बऱ्याच ऐकल्यात. मी विचारलं, "उदगीरच्या गाडीची चौकशी केली का त्यांनी?"

"न्हाई. लातूरच्या म्होरल्या गाडीची केली."

असं तर कुणीही सांगेल. सिद्धम्मांनी माझा चेहरा वाचला. म्हणाल्या, "बाई, आमच्या मालकाला खोटं बोलता आलं असतं, तर चहात पाणी घालून आम्ही बंगला बांधला असता."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "चहा घेतला का त्यांनी?"

आप्पा म्हणाले, "घेतला. पण पहिली बशी मला दिली. म्हणले, एकट्यानं प्यायची सवय न्हाई."

मंडळी, आमच्या घरी पहिली बशी माझी असायची. हे नणंदेला ठाऊक नाही, शेषेरावजींना नाही. आप्पांना कोण सांगणार?

तरी माझा संशय धुऊन निघाला, असं या व्यासपीठावरून म्हणणार नाही. पहिली बशी उदगीरलाही कुणाला मिळत असेल, हे मनात येऊन गेलंच. पण शेवटची बशी कुणाला मिळाली, ते मला कळलं. आप्पा, सिद्धम्मा, लेकीकडं सुखानं राहा. मंडळानं मला बोलावलं, उपकार आहेत. निरोपाच्या जागी मी आपलंच गाऱ्हाणं मांडलं. अडाणी बाई म्हणून पोटात घाला.

आप्पा येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तेवढं सांगून बसते. मी लातूरचं तिकीट काढलं. रोडला गाडी थांबली. एक बाई पाटी वाचून, 'आलं लातूर' म्हणत पिशव्या घेऊन दाराशी आली. मी म्हटलं, "लातूरला ना? बसा. हे रोड हाय." मी चोर असल्यासारखी ती माझ्याकडं बघत राहिली आणि उतरली.

मी तिच्यामागं खाली उतरले.